दही लागलं नाही त्या दिवशी

नाशिकजवळ सातपूरच्या एका कारखान्यात मी तयार माल तपासते. मापात बसला तर पास, नाहीतर रिजेक्ट. भुताखेतांच्या गोष्टींनाही मी हाच नियम लावते आणि आजवर एकही पास झालेली नाही. ही एक मात्र... बाजूला काढून ठेवली आहे.

१९७८-७९ चा काळ. कॉलनीतल्या दोन खोल्यांत आम्ही नवरा-बायको, सासूबाई आणि धाकटी नणंद कुसुम. कुसुमला चढ-उताराचा आजार. चढ असला की झोप नाही, अखंड बडबड, घासलेलीच भांडी पुन्हा घासणार. उतार लागला की भिंतीकडे तोंड करून पडणार. केस विंचरणंही जड. लोक म्हणायचे, अंगात येतं. डॉक्टर म्हणाले, "काहींना नुसती उदासी येते, हिला दोन्ही टोकं आहेत. गोळ्या चुकवू नका."

रात्री विरजण मी लावायचे. कुसुमचा उतार सुरू व्हायचा त्या सकाळी दही लागलेलं नसायचं. नुसतं दूध! नासलेलं नाही, आंबट नाही. मी गवळी बदलला, पातेलं उकळत्या पाण्याने धुतलं, शेजारच्या काकूंकडून विरजण आणलं. त्याच विरजणाचं त्यांच्याकडे सुरीने कापावं असं दही...

एका उन्हाळ्यात कुसुम गाणी म्हणत कुरडया घालायला लागली. सासूबाई खूश. "बरी झाली पोर. कशाला आता त्या गोळ्या?" आणि गोळ्या बंद. चढालाच घरातल्यांनी बरं होणं मानलं.

मग एका सकाळी झाकण काढलं — दूध. कुसुम तर हसत होती. तरी मी कामावर गेले नाही.

"दह्यासाठी खाडा?" नवरा म्हणाला. "डोकं तिचं फिरलंय की तुझं?"

दुपारी सासूबाईंचा डोळा लागल्यावर कुसुम चप्पल घालून दाराशी आली. मी उंबऱ्याशी गहू निवडत बसले होते.

"वहिनी, तुम्ही आज घरी?"

"दही लागलं नाही."

ती माझ्याजवळ खाली बसली. मग हळूच म्हणाली, "गंगेवर, गोदावरीच्या घाटावर निघाले होते... परत यायचं नव्हतं."

"ताट उचल. गहू आत ठेव आणि माझ्याबरोबर दवाखान्यात चल."

गोळ्या पुन्हा सुरू झाल्या. डॉक्टरांना दह्याचं सांगितलं. ते हसले नाहीत. म्हणाले, "कारण मला ठाऊक नाही. पण दही लावणं सोडू नका."

तिला सावरलं ते गोळ्यांनी, दह्याने नाही — एवढं मला पक्कं कळतं. दही का लागत नसे, ते आजही कळलेलं नाही. कुसुम आता घरी शिवणकाम करते. सकाळी माझ्याआधी उठून झाकण तीच उचलते आणि स्वयंपाकघरातून ओरडते, "वहिनी, लागलंय! खुशाल जा कामावर."