ड्रॅगनचा शनी

धाकटे दीर विलायतेहून शिकून आले ते एक खेळ घेऊन. पट नाही, सोंगट्या नाहीत. टेबलाभोवती बसायचं, प्रत्येकाने एक सोंग घ्यायचं आणि फासे टाकायचे. बाकीचं सगळं, राक्षसापासून पावसापर्यंत, दीर सांगणार. आमच्या क्युरपिप गावात सदा पाऊस, रविवारी बाहेर कुठे जाण्यासारखी हवा नसते, म्हणून खेळ आमच्याच घरी. तेर रूज गावाहून दिरांचे दोन मित्र बसने यायचे. खेळात एक चोर होता, एक राजपुत्र. आमचे हे सरकारी कचेरीत टपाल नोंदवायचे. ते जादूगार झाले. मी चहा देऊन स्वयंपाकघराच्या दारात उभी राहायची.

एका रविवारी जादूगार ड्रॅगनच्या गुहेत अडकला. मंत्र सगळे संपले होते. दीर म्हणाले, "उरलेलं पुढच्या रविवारी. पण वाचेलसं वाटत नाही."

यांचं जेवणावरचं लक्षच उडालं. "दोन वर्षं सांभाळलाय गं त्याला," म्हणायचे. मला ते तोंड बघवेना.

गुहेत रत्नांचा ढीग होता, पण रत्नांच्या जादूचे नियम दिरांकडे नव्हते. "वहिनी, तुम्हीच करून द्या," ते म्हणाले. "तुम्हाला खड्यांतलं कळतं." मी तेव्हा कारखान्यात घड्याळाच्या आत चाकांच्या टोकांशी बसवतात त्या लाल खड्यांना भोकं पाडत होते. खडा तिळाहून लहान. शिंक आली की गेला. त्यात जादू कधी दिसली नव्हती. पण तोंडावर नाही म्हणणं मला जमत नाही, म्हणून आईकडून ऐकलेलं वहीत लिहून दिलं. पोवळं मंगळवारी, अनामिकेत. मोती सोमवारी, करंगळीत. नीलम शनिवारी, मधल्या बोटात, दुधात बुडवून. पण आधी तीन रात्री उशाखाली ठेवायचा आणि वाईट स्वप्नं पडली तर परत करायचा.

दिरांनी तेच नियम पक्के केले.

पुढच्या रविवारी यांनी ढिगातून नीलम उचलला.

"आज वार कोणता?" दिरांनी विचारलं.

"रविवार."

"गुहेतला, दादा."

फासे टाकले. मंगळवार निघाला.

"मग ड्रॅगनला म्हणावं, शनिवारपर्यंत थांब. मी इथेच कोपऱ्यात झोपतो."

"आणि दूध?" चोर म्हणाला. "गुहेत गाय आहे का?"

"होती," दीर म्हणाले. "त्याने खाल्ली."

त्यांनी ड्रॅगनचे फासे हातात घेतले. यांनी डोळे मिटले.

"भाऊजी, तो झोपतो कशावर?" माझ्या तोंडून निघून गेलं. सगळे वळून बघायला लागले. मी जमिनीकडे बघितलं.

"रत्नांवर."

"पारखलेल्या?"

"लुटलेल्या."

"किती वर्षं?"

"तीनशे."

"मग त्याला नीलम बाधलाय. धड झोप नाही, म्हणून आग ओकतो."

दिरांनी वहीतला नीलमचा नियम पुन्हा वाचला. मग फासे खाली ठेवून ड्रॅगनच्या जाड आवाजात यांना म्हणाले, "महाराज, उपाय?"

हे ताठ बसले. "शनिवारी उपास."

"फळं चालतील?"

"चालतील. माणूस नाही."

"चोर?"

"चोरही नाही. बाकी एकेक खडा पारखून बघावा लागेल."

"मग पारखून होईपर्यंत इथेच राहा."

खडा एक, रात्री तीन, आणि ढीग छतापर्यंत. राजपुत्र आणि चोर महिनाभर गुहेच्या तोंडाशी लढाईची वाट बघत बसले आणि शेवटी वैतागले. हे दुसऱ्यांदा भात वाढून घेत म्हणाले, "त्यांना जायचं तर जाऊ दे. माझी पक्की नोकरी आहे."