धबधब्याविना धबधबा

गर्दी नको, हा हट्ट माझाच. म्हणून जानेवारीत आंबोलीच्या धबधब्यासमोर आम्ही दोघंच उभे होतो. धबधबासुद्धा नव्हता. नुसता काळा कोरडा कडा, आणि त्यावर ऊन खात बसलेलं एक माकड. बायकोने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं, ती तिथल्या थंडीपेक्षा बोचरी होती.

शेजारच्या टपरीत चहा करणाऱ्या काकींना आमची दया आली असावी. कड्याकडे हात करून त्या ओरडल्या, "वरसून कोसळता पाणी! पार रस्त्यार!"

एवढ्या शांततेत ओरडायचं कशाला? पण सगळा पावसाळा पाण्याच्या आवाजावर मात करत चहा विकणारा गळा तो, हिवाळ्यापुरता खाली कसा येणार? गंमत म्हणजे मीही ओरडूनच दोन चहा सांगितले. बायको ओरडली, "साखर कमी!" माकड उठून गेलं.

चहा देताना काकींचं वर्णन चालूच होतं. पाणी कड्यावरून कधीच आटलं होतं, त्यांच्या डोळ्यांपुढून मात्र हललं नव्हतं. मधेच त्या किंचाळल्या, "वयनीनू, थंय रवा नको, भिजशात!"

बायको चटकन दोन पावलं मागे सरली आणि तिने ओढणी सावरली.

मी हसणारच होतो. तेवढ्यात माझ्या लक्षात आलं की चहात पाणी पडू नये म्हणून मी केव्हापासून ग्लासावर हात धरून उभा आहे.