कुरकुरणारा पूल

डेंटल लॅबमध्ये दिवसभर कवळ्या घासणाऱ्या धाकटीला, म्हणजे घरच्या धाकट्या सुनेला, रविवारी दुपारी घरच्यांना साहसी गोष्टी खेळवायची भारी हौस. खेळ सोपा होता. प्रत्येकाने एक पात्र घ्यायचं, धाकटीने प्रसंग सांगायचा, पात्र काय करतं ते ज्याचं त्याने ठरवायचं आणि जमलं की फसलं ते फासे सांगणार. जेवणं उरकल्यावर बसायचं आणि दिवेलागणीपर्यंत गोष्ट संपवायची, कारण लांबलचक खेळाला घरात कुणाचाच दम टिकत नसे.

या खेपेला तिने जीव ओतला होता. गावच्या मनोऱ्यातली घंटा बंद पडलीय, ती वाजवणारा म्हातारा गायब आहे, त्याला शोधायचं. लॅबमधल्या उरल्यासुरल्या प्लॅस्टरचा मनोरा तिने आठवडाभर जेवणाच्या सुट्टीत कोरला. मजले उचलून आतल्या खोल्या दाखवता येत होत्या. खिडक्यांच्या चौकटींना कवळीचाच रंग वापरल्याने त्या मात्र हिरड्यांसारख्या गुलाबी झाल्या होत्या.

सासऱ्यांनी नेहमीप्रमाणे सगळ्यात दांडगा योद्धा घेतला. घरात गॅस बंद आहे ना हे पुन्हा पुन्हा उठून बघणारा हा माणूस. नणंदेने वैद्य घेतला. लॅबमध्ये भट्टी सांभाळणारा सहकारी, ज्याला सगळे भट्टीच म्हणत, तो जादूगार झाला.

“समोर नदी, नदीवर लाकडी पूल, पलीकडे मनोरा,” धाकटीने सांगितलं आणि वातावरणनिर्मिती म्हणून पुढे जोडलं, “पूल जरा कुरकुरतो.”

तिथेच घात झाला.

“कुरकुरतो म्हणजे?” सासरे पुढे सरसावले. “खालून कुणी बघितलाय का?”

मग दोर आणणं आलं, झाडं तोडणं आलं, तराफा आला. नणंद वडिलांच्या बाजूने. भट्टी वैतागून एकटाच पलीकडे गेला, तर योद्ध्याने अलीकडून ओरडून त्याला माघारी बोलावलं आणि तो मुकाट आलासुद्धा!

“बाबा, पूल पडणार नाही हो! मीच बांधलाय तो!” धाकटी शेवटी रडकुंडीला आली.

“सूनबाई, बांधणारे सगळे असंच म्हणतात.”

अंधार पडला तेव्हा मंडळी अलीकडेच होती.

पुढच्या रविवारी तिने पूलच गाळला. “तुम्ही मनोऱ्याच्या दारात उभे आहात.”

“पूल?”

“ओलांडला.”

“केव्हा? मी नाही ओलांडला,” म्हणत योद्धा पूल तपासायला मागे फिरला. धाकटीने फासे डब्यात टाकले, झाकण आपटलं आणि ती धुणं वाळत घालायला गच्चीवर निघून गेली.

नणंद मागोमाग आली. “वहिनी, रागावू नकोस गं. बाबा आठवडाभर त्या पुलाबद्दलच बोलताहेत. खूश आहेत ते.”

“ते खूश आहेत, आणि मी काय प्लॅस्टर खाऊ?” धाकटीने चादर अशी झटकली की नणंदेच्या चष्म्यावर पाणी उडालं.

लॅबमध्ये कवळ्या घासताना तिची धुसफूस चालूच राहिली. शेवटी तिनेच हार मानली. म्हातारा मनोऱ्यात नाहीच, तो पुलाखाली खांबाला अडकलाय असं तिने ठरवलं. मजले, कोडी, चोरवाटा, सगळं गेलं.

तिसऱ्या रविवारी योद्धा दोर बांधून पुलाखाली उतरला आणि तिने कोरड्या आवाजात सांगितलं, “खालून कुणीतरी कण्हतंय.”

सासरे खुर्चीतून उठलेच. “मी म्हणत नव्हतो? मी म्हणत नव्हतो!” नणंदेच्या वैद्याने म्हाताऱ्याचा पाय बांधला, भट्टीने जादूने त्याला वर उचललं. चहाच्या आधीच गोष्ट संपली. खेळ वेळेत संपण्याची ही घरातली पहिलीच वेळ.

“काय सुंदर रचलं होतंस सूनबाई!” सासरे म्हणाले. “सुरुवातीपासून माणूस खाली, आणि आम्हाला पत्ता नाही!”

धाकटी “हो ना,” एवढंच म्हणाली. राग गेला नव्हता. सासरे मात्र स्वयंपाकघरात उभे राहून सासूबाईंना पुलाची हकिकत पहिल्यापासून सांगत होते.