तेल पाजलेलं मेंडोलिन

उन्हाळा लागला की लेक कूलरचं गवत बदलते. जळगावात चैत्र निम्मा झाला की घरोघरी हेच काम. गवत म्हणतात, पण ते गवत नसतंच. लाकडाची किसून काढलेली लांब, कुरळी सालपटं असतात ती. जाळीत दाबून भरायची, पंप सुरू करायचा, आणि पहिलं पाणी त्यातून गळायला लागलं की घरभर वास सुटतो. नव्या, ओल्या, पांढऱ्या लाकडाचा. दोन दिवस राहतो, मग नुसता पाण्याचा वास येतो. ते दोन दिवस मी कूलरसमोर बसत नाही. लेकीला वाटतं, म्हातारीला वारा सोसत नाही. वाटू दे.

तो वास माझ्या सगळ्या संसाराला होता. आमचे मालक सुतार. अमळनेरला रुळाच्या पलीकडे आमचं घर, पुढं त्यांची कामाची पडवी, मागं माझी चूल. रंध्याची सालपटं वाऱ्यानं चुलीपर्यंत यायची, पिठात पडायची. मी वेचून चुलीत घालायची. सरपण कधी विकत आणावं लागलं नाही, तेवढंच त्या धंद्यातलं सुख. गाड्या केल्या त्यांनी, वखरं केली, दारं, चौकटी, खाटा केल्या. मग गाड्या गेल्या, वखरं लोखंडाची झाली, दारं दुकानात तयार मिळायला लागली. काम एकदम जात नाही. विहिरीचं पाणी उतरतं तसं उतरत जातं. माणूस दोर वाढवत राहतो आणि एक दिवस बादली दगडावर वाजते.

त्या दिवसांत लग्नाच्या बँड पार्टीतला एक मेंडोलिनवाला आमच्याकडे आला. सगळे त्याला मास्तर म्हणायचे. त्याच्या मेंडोलिनची दांडी निसटली होती. यांनी चिकटवायचा सरस तापवून ती बसवली, आणि मग एकाचं बघून दुसरा यायला लागला. कोणाची पेटी, कोणाचा बँजो. गाडीच्या चाकावर लोखंडी धाव बसवणारा माणूस खाली मान घालून तारा ताणत बसायचा. एकदा जेवताना मला म्हणाले, "जिंदगीभर वझं उचलनारं लाकूड करं. आते एक असं करसू, जे काहीच उचलाव नही." मी म्हटलं, "जे काही उचलत नही, ते पोट बी भरत नही." हसले. पण मनातून काढलं नाही त्यांनी.

तेलाच्या मिलमधे कधी काळी मशीन आलं होतं, त्याच्या पेटीची देवदाराची फळी त्यांनी जपून ठेवली होती. ती त्यांच्या मेंडोलिनच्या खोक्यावरच्या झाकणासाठी. त्याला तबली म्हणतात, लांबून बघितली तर कागद वाटावी अशी पातळ लागते. बाजू सागाच्या. त्या पाण्यात भिजवून, निखाऱ्यावर तापवलेल्या लोखंडी नळीवर हळूहळू वाकवायच्या. पहिलं खोकं केलं ते मास्तरनं हातात तोललं आणि म्हणाला, "नाना, हाई मेंडोलिन शे का गाडानं चाक?"

"चाकच शे. बस त्यावर, बोदवडलगून लई जास तुले."

पण मास्तर गेल्यावर ते खोकं त्यांनी स्वतः फोडलं आणि माझ्या चुलीपुढं आणून ठेवलं. हाताला जडपणाची सवय होती. गाडी करणाऱ्याच्या हाताला पातळ म्हणजे कच्चं वाटतं. दुसरं खोकं करायला घेतलं. बाजू झाल्या, पाठ झाली, दांडी बसली. तबली तेवढी राहिली, आणि एक दिवस सकाळी उठायला गेले ते पडले.

लकवा. उजवं अंग गेलं, बोलणं गेलं. धुळ्याला दवाखान्यात नेलं. तिथं ठेवून घेतलं काही दिवस, मग म्हणाले, घरी न्या. रावेरचा एक टेम्पो केळी पोचवून रिकामा परत चालला होता, त्यात केळीच्या सुक्या पानांवर त्यांना निजवून आणलं. सगळ्या वाटेत ते वर आभाळाकडे बघत होते. घरी आल्यावर भिंतीकडे तोंड केलं ते केलंच. एकच शब्द तोंडात राहिला होता, "बरं". पाणी हवं तरी बरं, नको तरी बरं. भाकरी कुस्करून दुधात दिली तर ओठाबाहेर यायची. अंग उतरत चाललं. माणूस आजारानं जातो ते वेगळं, आणि जाणं पसंत करून भिंतीकडे बघत पडतो ते वेगळं. मी काही रडले नाही. रडायला मोकळे हात लागतात.

आमच्या घरात बाईनं हत्याराला हात लावायचा नाही, अशी रीत. दसऱ्याला वाकस, रंधा, करवत पाटावर मांडायचे, मी लांबून हळदी-कुंकू वाहायचं, बस. सासू म्हणायची, बाईचा हात लागला की धार जाते. एके दुपारी मी ती देवदाराची फळी आणि रंधा घेऊन त्यांच्या खाटेपाशी बसले. का बसले ते आज सांगता येत नाही. फळीवर रंधा ओढला, तो अडकला, खर्रकन आवाज झाला. त्या आवाजानं ते वळले. मी रंधा लाकडाच्या रेषांच्या उलट ओढत होते. त्यांनी डाव्या हातानं खूण केली, फळी फिरव म्हणून. धुळ्याहून आल्यापासून त्यांनी मागितलेली ती पहिली गोष्ट.

मग रोजच काम सुरू झालं. मी रंधा मारायची, फळी त्यांच्यापुढं धरायची. ते डाव्या हाताच्या पेरानं तिच्यावर टकटक करायचे, कान द्यायचे, मान हलवायचे. अजून. मी पुन्हा रंधा. फळी किती पातळ झाली की पुरे हे मला कोणी शिकवलं नव्हतं, पण मी खानदेशातली बाई. मांडे करताना पुरण भरलेला गोळा हातावर फिरवत फिरवत वाढवायचा, तो फाटायच्या अलीकडे कुठं थांबायचं हे मनगटाला कळतं. खापरावर टाकण्याआधी त्यातून उजेड दिसतो. तसंच हे. माझे हात त्या कामाला नवे नव्हते, लाकूड तेवढं नवं होतं.

धाकटा दीर आला तेव्हा मी सालपटांत बसलेली. दारातच उभा राहिला.

"वहिनी, तू रंधा हातमा लिधा? माय ऱ्हाती ते काय सांगती?"

"माय नही शे आते. यासना हात बी नही शे. मंग कोनाना हात लावू, तूच सांग."

 तो जाताना रंध्याचं पातं काढून, दगडावर घासून, धार लावून देऊन गेला.

आणि ते जेवायला लागले होते. काम झालं की अर्धी भाकरी, कधी वाटीभर डाळ. त्यामुळे मला एक वेगळीच भीती धरली. हे काम संपलं की ते पुन्हा भिंतीकडे वळतील. म्हणून मी रंधा हळू मारायला लागले. पडवी झाडायची आहे, म्हणायची, आज हात दुखतो, म्हणायची. त्यांना कळत असणार. ते नुसते बघायचे, पेरानं खाटेची पाटी वाजवायचे. चल.

तबली बसली. मास्तरनं येऊन तारांखालची घोडी ठेवली, आठ तारा चढवल्या, आणि खाटेशेजारी जमिनीवर बसून वाजवलं. पितळी परातीत वरून ज्वारी ओतावी तसा आवाज, दाणा दाणा वेगळा आणि तरी धार तुटत नाही. यांनी डोळे मिटले होते. खाटेवरचा डावा हात अगदी निश्चल होता. त्या दिवशी त्यांनी एक अख्खी भाकरी खाल्ली. मास्तर म्हणाला, "उद्या येस, लई जास. लगीनमा वाजाडसू नानानं मेंडोलिन."

दुसऱ्या दिवशी तो आला तेव्हा ते उशाला टेकून बसले होते आणि कोनाड्यातल्या जवसाच्या तेलाच्या वाटीकडे बोट करत होते. आमच्यात नवं लाकूड तेल पाजल्याशिवाय घराबाहेर जात नाही. गाडी असो, पाळणा असो, वखर असो. तेलानं लाकूड फाटत नाही, वाळवी लागत नाही.

मास्तर पटकन पुढं आला. "नाना, याले तेल नका पाजू. आवाज बसी जाई."

त्यांचं बोट तसंच. हात खाली आला नाही.

"वहिनी, तुम्ही सांगा त्यासले."

मी काय सांगणार होते? आवाज मीही ऐकला होता. पण इतक्या दिवसांत त्या माणसानं जे जे मागितलं ते ह्याच लाकडासाठी मागितलं होतं. मी चिंधी बुडवली. मास्तर उठून अंगणात गेला. पांढरं देवदार तेल पीत गेलं, पिवळं झालं, मग गुळासारखं. ते बघत राहिले, कडेची एक जागा सुटली तर तीही दाखवली.

वाळल्यावर मास्तरनं वाजवलं. शेजारच्या घरात दार लावून कोणी वाजवतंय, असा आवाज. शेवटपर्यंत त्यांनी ऐकलं, "बरं" म्हणाले, आणि भिंतीकडे वळले. त्यानंतर भाकरी घेतली नाही. पुढच्या आखाजीला, अक्षय्य तृतीयेला गेलेल्यांसाठी भरतात ती घागर मी त्यांच्या नावानं भरली.

मेंडोलिन मास्तरनं नेलं नाही. तबली बदलून देतो म्हणाला, मी नको म्हटलं. पुढं घर विकलं, तेव्हा पाहिलं तर वाळवीनं हत्यारांचा पेटारा खाल्ला होता, चौकट खाल्ली होती. मेंडोलिनला ती शिवली नव्हती. आता ते इथं लेकीकडे कपाटावर आहे, तारा गंजल्यात.

एकच गोष्ट राहून राहून मनात येते. इतकी वर्षं त्यांनी लोकांची वाद्यं दुरुस्त केली. एकाही तबलीला तेल लावताना मी त्यांना पाहिलं नाही. मग त्या दिवशी त्यांचं डोकं जुन्या गाड्यांकडे गेलं होतं, का त्यांना सगळं कळत होतं आणि त्यांना ते तसंच मिटवायचं होतं? एकदा ऐकलं, पुरे, असं? पहिलं म्हणावं तर त्यांचा हात आठवतो, सुटलेली जागा नेमकी दाखवणारा. दुसरं म्हणावं तर माझ्याच्यानं म्हणवत नाही. दोन्हीपैकी काय खरं, ते सांगायला त्यांच्याकडे एकच शब्द होता, आणि तो त्यांनी सांगितला होता.