लग्नघरी गेलेला पिपा

गोंडपिपरीत आमच्याकडे एका अमेरिकन तेल कंपनीची पोट-एजन्सी होती, सासऱ्यांनी घेतलेली. ते सांगत, कंपनीचा माणूस पहिल्यांदा आला तो बैलबंडीत काचेचे दिवे घालून. दिवे जवळजवळ फुकट वाटले आणि म्हणाला, दिवा घरात गेला की तेल आपोआप मागून जातं. सासऱ्यांना या अकलेचं फार कौतुक. पन्नासच्या दशकात कंपनीने मुंबईला समुद्रकाठी मोठा कारखाना घातला, तेव्हाही आपल्याच घरचं कार्य असल्यासारखे ते गावभर सांगत फिरले.

गिऱ्हाइकांना मात्र कंपनीशी घेणंदेणं नव्हतं. रोजचं मातीचं तेल, म्हणजे रॉकेल, बाटलीने जाई. अख्खा पिपा, पत्र्याचा चौकोनी डबा, घेई तो लग्नघरचा माणूस, आणि तो घेई पिप्यासाठी. तेल चार दिवसांत संपतं. पिप्यात पुढे वीस वर्षं पाणी, तांदूळ, मोहफूल काहीही राहतं. म्हणून बोटाच्या पेराने ठोकून बघायचं, कोपरे चाचपायचे, वरचं लाल चित्र खरचटलं नाही ना ते पाहायचं. तेलाचा वास घेऊन पिपा निवडणारा माणूस मी पाहिला नाही. मीही वास न घेता तशीच विकत होते, हे आधीच सांगून टाकते.

वैशाखातली गोष्ट. माझे मालक चांद्याला तेलाच्या डेपोवर गेले होते. सकाळी नदीपलीकडच्या गावचा एक शेतकरी बंडी घेऊन आला. मुलीचं लग्न त्याच दिवशी, गोरज मुहूर्तावर. त्याने गोदामातले सगळे पिपे ठोकले आणि कोपऱ्यातल्या एकावर हात ठेवला.

"बाई, मले हाच पायजे."

पिपा नवाकोरा होता, तोंड डाख देऊन बंद केलेलं. मी देऊन टाकला.

दुपारी जेवण उरकते तोच बांबू ठेकेदाराचा मुन्शी घामाघूम होऊन दारात.

"बाई, माझा पिपा द्या. ट्रक कोसभर अलीकडं बंद पडून राह्यला."

"कोणता पिपा?"

"पेट्रोलचा. परवा ठेवला ना कोपऱ्यात. भाऊले सांगतलं होतं."

भाऊ म्हणजे आमचे मालक. त्यांनी मला सांगितलं नव्हतं. चांद्याच्या पुढे पेट्रोल मिळत नसे, म्हणून मुन्शी नव्या पिप्यात भरून, डाख देऊन आणत असे. मी घड्याळ पाहिलं. लग्नघरी ग्यासबत्ती असणार. दिवेलागणीला ती पेटवणार, आणि तिच्यात हे पेट्रोल असणार. तीन कोस वाट. ट्रक होता, पण त्याचंच पेट्रोल लग्नाला गेलेलं.

शेजारची रेंगी, हलकी बैलगाडी, जुंपली. मुन्शीला बैल हाकता येईना. बैलांना तो "चला, चला ना बाप्पा" असं विनवत होता. अर्ध्या कोसावर कासरा मी घेतला. नदीच्या कोरड्या पात्रात चाकं रुतली तेव्हा दोघांनी उतरून ढकलली.

"बाई, त्यायनं वास घेतला असन," मुन्शी म्हणाला.

"तुमी काऊन नाई घेतला ठेवताना? चिठ्ठी तरी लावाची."

मला आणखी बोलायचं होतं, पण ते मलाच लागू पडलं असतं.

पोचलो तेव्हा ऊन उतरलं होतं. जांभळीच्या डहाळ्यांचा मांडव, बाजूला तीन चुलींवर भात. पिपा केव्हाच मोकळा करून बाया तो राखेने घासत होत्या. आतलं सगळं मातीच्या घागरीत ओतून वर पत्रावळ झाकलेली, आणि ती घागर चुलींपासून दहा पावलांवर. ग्यासबत्तीवाला बत्तीला पंप मारत होता.

वधूबाप हसत पुढे आला. "पिपा वापस न्यायले आल्या का बाई? लगनघरून वस्तू वापस नाई जात."

"पिपा ठेवा. तेल द्या. ते मातीचं तेल नाई, मोटारीचं हाय. चुली विझवा आधी."

"भात कच्चा हाय माय," एक बाई ओरडली. "वऱ्हाडाले काय दगडं वाढू?"

बत्तीवाल्याचा पंप थांबेना. मी बत्तीच्या कडीला हात घातला.

"सोडा बाई. तुमाले ग्यासबत्ती समजते काय?"

"बत्ती तुमाले समजते. तेल मले समजते."

"समजत होतं तं देल्लं काऊन?"

सगळे हसले. मी पळीभर पेट्रोल काढलं, मांडवापासून लांब उघड्या जागेवर नेऊन ओतलं, मुन्शीला पळी दूर न्यायला सांगितली आणि एक जळतं लाकूड लांबूनच त्यावर फेकलं. जाळ माणसाच्या उंचीएवढा उठला. हसणं थांबलं. बत्तीवाल्याने बत्ती खाली ठेवली आणि तो चार पावलं मागे सरला. वधूबाप स्वतः पाणी घेऊन चुलींकडे धावला.

घागर मुन्शीने नदीकडे नेली. ते परत भरायला भांडं नव्हतं. पिप्यात तोवर बायांनी पाणी भरलं होतं आणि तो सोडायला त्या तयार नव्हत्या. "थोडं तं ठेवू द्या, ट्रक गावापर्यंत तरी येईन," मुन्शी म्हणत राहिला. मी सगळं वाळूत ओतायला लावलं. बत्तीतलंही तिथेच ओतलं.

वऱ्हाड आलं. त्यांना कच्च्या भाताचं कारण सांगितलं, तर वरबाप म्हणाला, "जेवण टाळाची पोरीवाल्यायची युक्ती भारी हाय." चुली नव्या जागी, मांडवाच्या पार पलीकडे मांडल्या. मांडवात मोहाच्या टोरीच्या, म्हणजे बियांच्या, तेलाचे दिवे लावले, तेही मी म्हणेन तिथेच. घागर ठेवलेली जागा झिरपलेल्या पेट्रोलने ओली होती. मी तिथे माती टाकवली, वाकून वास घेतला, पुन्हा माती टाकवली. कोणी विडी काढली की त्याला उठवून बाहेर पाठवत होते.

"बाई, बसा ना आता," वधूची आई म्हणाली. "पाहुण्या हाव तुमी."

बसणं जमेना. अंतरपाट धरला, मंगलाष्टकं सुरू झाली. माझ्या हातातही कोणीतरी अक्षता दिल्या. मी उभी होते त्या ओल्या जागेवर, पाठ नवरानवरीकडे आणि डोळे चुलींकडे. तांदूळ मूठभर होते. टाकायचे राहूनच गेले.