सिस्टरांचं लिलीगवत

चौतीस वर्षं ऑपरेशन थिएटरात उभी राहिलेली ही बाई निवृत्त होऊन सहा वर्षं झाली, तरी कॉलनीत सगळे तिला सिस्टरच म्हणत. नोकरीत असताना एकदा रक्त टिपायच्या बोळ्यांच्या मोजणीत एक बोळा कमी भरला, तेव्हा त्यांनी मोठ्या सर्जनला टाके घालू दिले नव्हते. सर्जन थयथयाट करत होता, पण या जागच्या हलल्या नाहीत. बोळा रोग्याच्या पोटातच सापडला. तेव्हापासून नवऱ्याने घरी त्यांच्याशी वाद घालायचं सोडून दिलं.

कॉलनीचा नियम होता, प्रत्येक घरापुढे एकसारखी हिरवळ पाहिजे. ती रोज पाणी प्यायची, आणि सामाईक टाकीचं पाणी रांगेतल्या शेवटच्या घरी पोचेपर्यंत करंगळीएवढं उरायचं. त्या घरात शिवणकाम करणारी बाई राहायची. सिस्टर तिच्याकडे पडदे टाकायला गेल्या, तर नळाखाली बादली लावून ती मशीनवर बसलेली. एक बादली भरेपर्यंत माझे दोन पडदे शिवून होतात, ती सहज म्हणाली. तक्रारीचा सूरही नव्हता. सिस्टर परत आल्या तेव्हा त्यांच्याच अंगणातलं पाणी फाटकाखालून रस्त्यावर वाहत होतं.

त्यांनी चप्पल न काढताच हिरवळ उकरायला कुदळ शोधली.

"अगं, नोटीस येईल," नवरा म्हणाला.

"येऊ दे की. वाचता येतं मला."

रोपवाटिकेतल्या माणसाने त्यांना लांब, गर्द हिरव्या पात्यांची रोपं दाखवली. तो त्याला लिलीगवत म्हणायचा. दिसतं गवतासारखं, पण गवताच्या जातीचं नाही. मुळांना शेंगदाण्याएवढ्या गाठी येतात, त्यांत ते पाणी साठवतं. पहिले काही महिने जीव लावा, मग विसरून जा, असं त्याने बजावलं. सिस्टरांनी जरा जास्तच जीव लावला. चाळीसातली अकरा रोपं पाण्याने कुजली. मग मात्र त्यांनी हात आवरला, आणि वर्षभरात बाकीची दाट फोफावली. पावसाळ्याच्या शेवटी त्यांतून जांभळ्या फुलांचे तुरे वर आले.

कॉलनीच्या सेक्रेटरींना ते जांभळं अंगण डोळ्यांत खुपत होतं. त्यांनी तीन नोटिसा धाडल्या. सिस्टरांनी तिन्ही दारावर चिकटवल्या, अक्षरं रस्त्याच्या बाजूला करून. येणारेजाणारे थांबून वाचायचे आणि मग अंगणाकडे बघायचे.

थंडी सरता सरता दोघं लेकीच्या बाळंतपणाला गेली. महिन्याने परतली तर अंगण भादरलेलं. सेक्रेटरींनी हिरवळ कापायचं यंत्र त्यावरून फिरवून घेतलं होतं. नवरा पायरीवर मटकन बसला. सिस्टरांचेही डोळे भरून आले. पण सवयीने त्या खाली वाकल्या आणि नाडी बघावी तशी दोन बोटं एका बुंध्यावर ठेवून दाबून पाहिलं. बुंधा टणक होता. त्यांनी रोपवाटिकेत फोन लावला. तिकडचा माणूस हसायलाच लागला. दर वर्षी याच दिवसांत जुनी पानं बुडापासून कापायचीच असतात, म्हणाला. आता दाट फुटेल.

रविवारच्या सभेत सेक्रेटरींनी शिस्तीवर लांबलचक भाषण दिलं. ते संपल्यावर सिस्टर उठल्या.

"छाटणी चांगली केलीत," त्या म्हणाल्या. "पण माझ्या फाटकाच्या आत पुन्हा पाऊल टाकलंत, तर पोलिसांत जाईन. आणि नियम वाचायचाच असेल, तर त्या शेवटच्या घरात नळाखाली बादली लावा, ती भरेपर्यंत उभे राहा, आणि मग वाचा."

शिवणवाली बाई मान खाली घालून बसली होती. तीच उठली आणि हळूच म्हणाली, "मलाही लावायचंय ते माझ्या दारात."

तीन आठवड्यांत पात्यांची टोकं मातीतून वर आली, पहिल्यापेक्षा दाट. सिस्टरांनी भर सकाळी, सगळ्यांच्या देखत, सहा थोराड गड्डे उपटले, जुन्या सुरीने फाडून त्यांचे वीस केले आणि शिवणवालीच्या अंगणात लावले. नंतर आणखी तीन घरं मागायला आली. प्रत्येकाला त्या एकच दम भरायच्या: खोल पुरू नका, आणि सारखं पाणी घालून मारू नका.

नियम आजही वहीत तसाच आहे. सेक्रेटरींची हिरवळही आहे. रस्त्यात ते सिस्टरांशी बोलत नाहीत. चौथी नोटीस मात्र आली नाही. शिवणवालीची बादली आता एका पडद्यात भरते. ते काही फार नाही, असं सिस्टर म्हणतात, आणि पुढच्या सभेसाठी पाण्याचा मुद्दा विषयपत्रिकेत अगदी वर घालायला सांगून ठेवतात.