ओ मिळेपर्यंत खांबावर

बोललेलं समोरच्याला पोचलं, यावर माझ्या मेहुण्याइतका कमी विश्वास ठेवणारा माणूस मालवणच्या किनाऱ्यावर दुसरा झाला नाही. माझ्या बायकोचा हा धाकटा भाऊ, तारेच्या कामावर लायनमन. खाकी हाफपँट, कमरेला पट्टा, खांद्याला फोनचं डबडं. मी होड्या बांधणारा माणूस, मला तारेतलं काय कळतं? पण त्याने समजावलं ते असं. इथून बांदा गावापर्यंत दोन तारा. बिघाड शोधायचा तर वाटेतल्या खांबावर चढून त्या दोन्ही एकमेकींना जोडायच्या. त्याला म्हणायचं लूप. मग ऑफिसातला तारबाबू एका तारेवर कट्ट-कट्ट करणार. तेच कट्ट-कट्ट दुसऱ्या तारेवरून त्याच्याकडे परत आलं तर तिथवर लाइन शाबूत. नाही आलं तर बिघाड अलीकडेच. बाबूचा होकार डबड्यातून येईपर्यंत हा खांबावरून उतरायचा नाही. "हाक मारली, ओ इली. इतक्याच ता, भावजी."

इतकंच असतं तर बरं होतं. पण खांबावरची सवय त्याने जमिनीवर आणली. दुकानात अर्धा शेर गूळ मागितला की दुकानदाराने 'अर्धा शेर गूळ' असं परत म्हटलंच पाहिजे. नाहीतर हा हलणार नाही. एकदा दुकानदार वैतागला, "अर्धो शेर गूळ! आता गुळाकडसून पण ओ घेतलंस की जातलंस?"

आमच्या घरी आला की बेड्याशीच, कुंपणाच्या फाटकाशी, थांबायचा आणि बहिणीला हाक मारायचा, "बाय, ओ दे!" ही चुलीशी असो नाहीतर विहिरीवर, हिची ओ आल्याशिवाय आत पाऊल नाही. कधी ही मुद्दाम गप्प बसायची. तो उन्हात तसाच उभा. शेवटी हिलाच हसू फुटायचं. "ओ रे मेल्या! ये, भात निवलो!"

आणि असल्या माणसाने एकदा काय करावं? बांद्याच्या वाटेवर लूप घातला, तपासणी झाली, आणि लूप तसाच ठेवून आमच्याकडे जेवायला आला. इकडे बाजारातल्या खोबऱ्याच्या व्यापाऱ्याने बांद्याला मुलाच्या बापाला तार केली, 'मुलगी पसंत आहे का कळवा.' लगोलग दुसऱ्या तारेवरून उत्तर आलं, 'मुलगी पसंत आहे का कळवा.' तारबाबू नवा, आलं ते लिहून दिलं. व्यापारी भडकला. "माझीच मुलगी माका पसंत काय म्हणान माकाच इचारता?" त्याने दुसरी तार ठोकली, 'थट्टा करता काय?' बांद्याहून उत्तर, 'थट्टा करता काय?' लग्न मोडायला आलं. आमच्याकडे बांगड्याच्या कढीत याचा हात मध्येच थांबला. "बाय, लूप तसोच ऱ्हवलो!" खरकट्या हातानेच सायकलवर बसला. लूप निघाला, बांद्याहून खरं उत्तर आलं, 'पसंत.' लग्नात त्याला पहिल्या पंगतीत बसवला. ही गोष्ट सांगताना आमच्या हिला शेवट कधी धड सांगता आला नाही, इतकी हसायची.

गेल्या वर्षी ती गेली. तीन दिवसांचा ताप. मी बोलणं सोडलं. माणसं यायची, बोलायची, जायची. मी भिंतीकडे तोंड करून. जेवणही सुटत चाललं होतं.

बारावं झाल्यावर काही दिवसांनी मेहुणा आला. सवयीने ओरडला, "बाय, ओ दे!" मी आत पडलेला. बऱ्याच वेळाने पुन्हा आवाज, "भावजी, तुमची ओ खंय?"

मला राग आला. मनात म्हटलं, ऱ्हव मेल्या उभा. तो उभा राहिला. माडाची सावली बेड्यावरून सरकत विहिरीपर्यंत गेली, तरी हलला नाही. पाणीसुद्धा मागितलं नाही. आता ही असती तर केव्हाच हसली असती, असं मनात आलं आणि तोंडातून निघून गेलं, "ओ."

घसा असा गंजलेला, की माझी ओ मलाच ओळखू आली नाही. तो आत आला. "लाइन शाबूत आसा," म्हणाला, आणि पायरीवर बसून रडला. मी उठून चुलीवर पेज टाकली.

आता तो दर रविवारी येतो. सायकलची घंटी वाजली की मी आधीच ओ देऊन टाकतो.

"हाक मारूच्या आधी ओ? भावजी, लायनीत कायतरी बिघाड आसा."

"आसा," मी म्हणतो. "ऱ्हवांदे."

मग आम्ही दोघं चुलीकडे न बघता पेज जेवतो.